मधला मुक्काम

१

मेल फॉरवर्डिंग लावण्याइतकं कंटाळवाणं काम दुसरं नाही. फाइलीत एक ओळ लिहायची. डावीकडं ज्या नावानं मेल येणार तो पत्ता, उजवीकडं तो खरा ज्याच्याकडं जायचा त्याचा पत्ता. फाइल सेव्ह करायची आणि सर्व्हरला सांगायचं, बाबा, नवी वाचून घे. झालं. त्यानंतर जे येईल ते सर्व्हर पुढं ढकलत राहतो. काय आलं, कामून आलं, कधी विचारत नाही. लातूरच्या क्लासवाल्यांना असली पोरं फार आवडतात.

मी तसला नव्हतो म्हणून डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेच्या, 'नीट'च्या, रिपीटर बॅचमधून अर्ध्यात उठलो. पंचाक्षरी सरांनी मला हाकललं नाही, कारण त्यांच्या कॉम्प्युटरच्या खोलीत बसायला कुणीतरी लागत होतं. "डॉक्टर न्हाई तर न्हाई, सर्व्हर तरी सांभाळ," म्हणाले. त्या दिवसापासून माझं नाव त्यांनी घेतलं नाही. "ए सर्व्हर" अशीच हाक.

सरांची अभ्यासिका म्हणजे एक लांबलचक हॉल. प्लायवूडच्या केबिन, प्रत्येक केबिनमध्ये एक पोरगं नाहीतर पोरगी, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर मागच्या बाजूनं एक कॅमेरा. केबिनमध्ये हालचाल झाली की कॅमेऱ्याचा डबा फोटो काढतो आणि मेलनं पाठवतो. तो डबा जुना, त्याला मेलशिवाय दुसरं काही येत नाही. सरांच्या डोक्यात आलं की हे फोटो थेट पालकांना गेले पाहिजेत.

"पालकाला पोरगं दिसलं पाहिजे," सर म्हणाले. "दिसलं की शांत बसतो."

"आणि पोरगं?"

"पोरगं कशाला बसंल? पोरगं तर अभ्यास करील."

मेल क्लासच्या नावानं गेला पाहिजे, फुकटच्या पत्त्यावरून नको, असा त्यांचा हट्ट. म्हणून स्वतःचा मेल सर्व्हर, आणि तो सांभाळायला मी. प्रत्येक केबिनला पोराच्या नावाचा पत्ता, आणि त्या पत्त्यापुढं बापाचा पत्ता. डिस्क भरते म्हणून आपल्याकडं प्रत ठेवायची नाही. आलं की पुढं.

राजकन्या, माझी धाकटी बहीण, त्याच हॉलमध्ये कोपऱ्यातल्या केबिनमध्ये बसायची. तिची ओळ मीच लिहिली. उजवीकडं पप्पांचा पत्ता. तोही मीच उघडून दिलेला.

पप्पा म्हणजे देविदास. औशाच्या पुढं आमचं गाव, भूकंपानंतर नव्या जागी वसवलेलं. सारख्या घरांच्या सारख्या ओळी. मी आणि राजकन्या नव्या गावात जन्मलो. जुन्या गावाच्या जागी नुसते दगड आणि बाभळी. तिकडं काय झालं ते आमच्या घरात बोलत नाहीत. पुण्या-मुंबईहून कुणी कॅमेरा घेऊन आलं की गावातल्या म्हाताऱ्यांना कंठ फुटतो. पोटच्या पोरांनी विचारलं की, "गप अभ्यास कर."

२

जेवणाच्या सुट्टीत राजकन्या गेटबाहेरच्या गाड्यावर भेटायची. भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा सुशीला आणि वर दोन भजी, रोज तेच.

"काय सर्व्हरसाहेब, आज किती फोटो धाडले माझे?"

"मी न्हाई धाडत. डबा धाडतो."

"हाव, तू काय करणार. तू नुसता पोस्टमन."

तिनं डोक्यावरची ओढणी काढली. केस पार कापलेले, शाळेतल्या पोरासारखे. हॉस्टेलला पाण्याचा टँकर एक दिवसाआड येत होता. केस धुवायला पाणी नाही आणि वेळही नाही, म्हणून पोरींनी एकमेकींचे केस कापून टाकले होते.

"पप्पाला सांगितलंस?"

"फोटोत दिसंलच की त्यांना. त्यांचा पैसा वसूल." तिनं भज्याचा तुकडा माझ्या ताटलीत टाकला. "दादा, मला दिवाळीपर्यंत इथून काढ. उदगीरला डेअरीचा कोर्स करते. गाईचं शेण काढीन, धारा काढीन. पर हे हाडांची नावं पाठ करनं माझ्यानं व्हायचं न्हाई."

"बोलतो पप्पांशी."

"तू नको बोलू. तुझं तोंड बघितलं की त्यांचं बीपी वाढतं. आईला बोलायला लाव." मग जरा थांबून, "आनि एक बघ. माझ्या केबिनमध्ये वरून माती पडायली."

"स्लॅबच्या बिल्डिंगीत माती?"

"तेच म्हनते मी. बारीक, पांढरी. पान उलटायच्या आधी फुंकावं लागतं."

मी जाऊन बघितलं. वर पांढरं छत, ट्यूबलाइट, कॅमेरा. एक भेग नाही. पण तिच्या पुस्तकाच्या मधल्या घडीत खरोखर चिमूटभर माती होती. बोटांत चोळली. जुन्या भिंतीला पाणी लागल्यावर येतो तसा वास. सर वरचा मजला चढवत होते, सिमेंट-वाळूची ने-आण चालू होती. तिथूनच येत असणार, असं मी तिला सांगितलं. सिमेंट-वाळूला तसा वास येत नाही हे मला बाहेर आल्यावर सुचलं. मग ते मी डोक्यातून काढून टाकलं.

३

पप्पांचा फोन आला तेव्हा मी पंखा दुरुस्त करत होतो. पप्पा स्वतःहून फोन करत नाहीत, आणि कौतुक तर बापजन्मात नाही.

"गोलू, पोरगी लई नेटानं बसून राहिली रे," म्हणाले. "मान वर करत न्हाई. वेण्या घालून बसली आज. बरं वाटलं."

"वेण्या?"

"दोन वेण्या. वर बांधलेल्या. रिबिनी लावून."

मी म्हणालो, पप्पा, तुम्हाला दुसऱ्या कुणाच्या पोरीचा फोटो आलाय.

"माझी पोरगी मला वळखू येत न्हाई का?" म्हणाले आणि फोन ठेवला.

चूक माझीच असणार असं धरून मी चाललो. ओळ तपासली. राजकन्या डावीकडं, पप्पा उजवीकडं. कॅमेऱ्याच्या डब्यात केबिन तपासली. बरोबर. हॉलमध्ये जाऊन सगळ्या पोरींची डोकी बघून आलो. रिबिनी लावलेली एकही नाही. रिबिनी लावून लातूरला 'नीट'चा अभ्यास कोण करतं?

मग मी सरांना न विचारता त्या ओळीत पप्पांच्या पुढं माझाही पत्ता घातला. म्हणजे प्रत्येक फोटो दोघांना जाणार. पप्पांना बाहेरच्या रस्त्यानं, मला सर्व्हरच्या आतल्या आत. थोड्या वेळानं माझा आला. राजकन्या, कापलेले केस, नखं कुरतडतेय. मी पप्पांना फोन लावला.

"आत्ताचा फोटो बघा. केस कसे हायत?"

पप्पा हळू आवाजात, मला नाही तर जवळच कुणाला सांगावं तसं, "रिबीन सुटायली तिची एका बाजूनं."

४

अमान माझ्याहून मोठा. गंजगोलाईच्या बाजारात त्याच्या बापाचं, लालमहंमदचाचांचं घड्याळ-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्यात आता हा कॉम्प्युटर आणि कॅमेरे विकतो. मला सर्व्हरचं जे काही येतं ते यानंच शिकवलेलं. पप्पांचा पासवर्ड माझ्याकडं होताच. अमानच्या दुकानात, भर दुपारी, बाहेर हातगाडीवाल्यांचा कल्ला चालू असताना आम्ही पप्पांचा मेल उघडला.

फोटो मागून, वरून काढलेला. टेबल तेच. पुस्तक तेच, पानही तेच. टेबलावर कमी उजेड. मान खाली घालून बसलेली पोरगी, दोन वेण्या कानामागं दुमडून बांधलेल्या, लाल रिबिनी, डावीकडची सुटत आलेली.

"कौन है ये?" अमान म्हणाला.

"माझी बहीण."

"अबे चष्मा लाव. तुझी बहीण परवा हितं चार्जर न्यायला आलती. टकली. ही कोन?"

मी माझी प्रत शेजारी उघडली. वेळ तीच, फाइलीचा आकार तोच. एकीत राजकन्या नखं कुरतडतेय, दुसरीत ही. अमाननं ट्यूबलाइट चालू केली, दिवसा. मग त्यानं बोट ठेवलं ते फोटोच्या वरच्या कडेवर. प्लाय संपतो तिथं हॉलची भिंत दिसायला पाहिजे होती. तिथं अंधार होता, आणि अंधारात दगड. एकावर एक रचलेले, गोल गोल, मातीत बसवलेले.

"फोटो कुणीतरी बदलायलंय," मी म्हणालो. मला तेच हवं होतं. कुणी माणूस असला म्हणजे त्याला शिव्या देता येतात.

मेल ज्या ज्या मशीनमधून जातो ते मशीन त्याच्यावर आपला शिक्का मारतं, जुन्या टपालासारखा. आम्ही शिक्के बघितले. पहिला आमच्या सर्व्हरचा, शेवटचा गूगलचा. मध्ये दुसरं काही नसायला पाहिजे. पण मध्ये एक होता. मशीनचं नाव नाही, जागा मोकळी. नुसती आत आल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ. पहिल्या फोटोंना तिथं पापणी लवेल इतकाही वेळ लागला नव्हता. पुढच्यांना जास्त, त्याच्या पुढच्यांना अजून जास्त. आजचा मेल तिथं चहा उकळून खाली उतरेल इतका वेळ थांबला होता.

"बीच में कोई रोक ले रा," अमान म्हणाला. "रोकता, देखता, फिर छोडता."

क्लासची एक शाखा नांदेडला, तिथं मेलचं एक राखीव मशीन ठेवलेलं. मी तिथलं ऑफिस सांभाळणाऱ्या जेबाला फोन लावला.

"जेबा मॅडम, तुमच्याकडचं मशीन आमचे मेल धरायलंय काय?"

"कुठलं मशीन?"

"खिडकीपाशी होतं ते."

"ते उन्हाळ्यातच जळालं की. सरांना सांगून सांगून थकले. आता त्याच्यावर मी मनी प्लँट ठेवलाय."

अमान हसला नाही. त्यानं पप्पांनी पाठवलेले मेल उघडले होते. पप्पांना उत्तर कसं द्यायचं हे मी कधीच शिकवलं नव्हतं, पण खालचं बटण त्यांना सापडलेलं. प्रत्येक फोटोला एक एक ओळ.

जेवलीस का.

लई बारीक झालीस.

तवा मी न्हाई म्हनलो ती चूक झाली. आता शीक.

आणि त्या सकाळचा: दार उघडं हाय. ये.

हे सगळे राजकन्याच्या पत्त्यावर आले होते. त्या पत्त्यावर येईल ते पप्पांकडंच परत जाणार, अशी माझीच ओळ सांगत होती. मी अमानच्या मशीनवरून आमच्या सर्व्हरची नोंद काढली. पप्पांची उत्तरं पप्पांकडं परत गेलीच नव्हती. ती सगळी त्या बिननावाच्या मुक्कामाला गेली होती. पुढं लिहिलेलं: पोचलं. घेतलं.

"तेरे बाप से पूछ," अमान म्हणाला. "ये कंप्युटर का काम नक्को समज."

५

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गावाकडं गेलो. पप्पा अंगणात पत्र्याच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते, मोबाइल दोन्ही हातांत धरून. मला बघून त्यांनी तो छातीशी लावला.

"कोन हाय ती?" मी विचारलं.

"कोन म्हंजे? राजकन्या."

"तिचे केस कापलेत, पप्पा. मी रोज बघतो तिला."

"तू तुझी बघतूस," पप्पा म्हणाले. "मी माझी बघतो."

आई मागच्या दारी भांडी घासत होती. सगुणाबाई, पप्पांहून बरीच लहान. इतकी लहान का, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. तिनं राखेचा हात तसाच ठेवून मला जवळ बोलावलं.

"तुज्या बापाची पहिली बायकू हुती," म्हणाली. "आनि एक पोरगी. दहावी झाल्याली. तिला लातूरला सायन्सला जायचं हुतं. फारम आणला हुता तिनं. ह्यांनी धाडली न्हाई. म्हनले, पोरीच्या जातीला लातूर कशाला. त्याच सालात पहाटे भूकंपात पांढऱ्या मातीचं माळवद खाली आलं. हे शेतावर हुते म्हनून वाचले."

"नाव काय होतं तिचं?"

आईनं घासलेलं पातेलं परत घासायला घेतलं.

"भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात ऱ्हायले तवापासनं समदेच तसं करत हुते रे. गेल्याल्याचं नाव घरात परत आणायचं. नाव रिकामं ठिवू न्हाई म्हनायचे. मी बाळंतीन, मला कोन इचारतंय. हे आले, पोरगी बघितली, म्हनले राजकन्या आली."

मला आधी राग आला, भीती नंतर. ही माणसं. मेलेल्याचं नाव जिवंत पोरीला घालायचं, मेलेल्या पोरीची राहिलेली इच्छा जिवंत पोरीच्या बोकांडी बसवायची, आणि कुणाला एका शब्दानं सांगायचं नाही. मग म्हणायचं, पोरं ऐकत नाहीत.

मी अंगणात परत गेलो. "तुम्ही तिला ये म्हणून लिहिलंय. कुठं ये? तिथं माझी बहीण बसलेली हाय."

"ती तुजी बहीण न्हाई का?" पप्पा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर हसू. बापाचा असला चेहरा मी उभ्या जन्मात बघितला नव्हता. "लई दिसांनी बघून राहिलो, गोलू. आता इकडं तोंड वळवायली. बंद करू नको."

मी तिथंच, त्यांच्यासमोर, माझ्या मोबाइलवरून सर्व्हरमध्ये शिरलो आणि सर्व्हर बंद केला. एक ओळ लिहिली, झालं. आता कुणाचाच मेल येणार नाही, जाणार नाही. पप्पांनी मला अडवलं नाही. नुसते बसून राहिले, बसस्टँडवर गाडीची वाट बघावी तसे.

आणि त्यांच्या हातातला मोबाइल वाजला.

सर्व्हर बंद होता. मी परत बघितलं. बंदच होता. मी पप्पांच्या हातातून मोबाइल हिसकावून घेतला. त्यांनी तो सहज सोडला, काम झाल्यासारखा.

फोटोत खुर्ची मागं सरकलेली. दोन वेण्यांची पोरगी उभी राहिली होती, एक हात प्लायच्या कडेवर. आणि प्लायच्या पलीकडं, दगडांपाशी, कुणीतरी पाठमोरं.

६

गाडीत बसल्या बसल्या सरांना फोन लावला.

"सर, राजकन्याला केबिनच्या बाहेर काढा."

"कामून?"

"घरी अडचण हाय."

"कोण वारलं का?"

"न्हाई, पण—"

"मग पेपर चालू हाय तिचा. पेपर झाल्यावर बघू. आणि ए सर्व्हर, मेल बंद पडलेत. पालकांचे फोन यायलेत. तू हिंडून राहिलास कुठं?"

पोरांचे मोबाइल काउंटरवर जमा असतात. तिच्यापर्यंत पोचायला त्या हॉलच्या दाराशिवाय रस्ताच नव्हता. मी स्वतःला समजावत होतो. गूगलकडं साठलेले जुने मेल आत्ता पोचत असतील. होतं असं. पप्पांचं डोकं फिरलंय, अमाननं फोटो नीट बघितला नाही, आईनं जे सांगितलं ते दुःख आहे, दुःखाचा सर्व्हरशी काय संबंध. शेजारची बाई केळीचं पोतं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "बाळा, उलटी यायली का?"

पप्पांचा मोबाइल माझ्या खिशात वाजत राहिला. मी एकच उघडला. रिकामी खुर्ची. तिच्यावर पांढरी माती. टेबलावरचं पुस्तक मिटलेलं.

त्यानंतरचे उघडले नाहीत.

क्लासच्या दारात वॉचमन आडवा आला, त्याला बाजूला सारलं. हॉलमध्ये दुपारची शांतता, पंख्यांची घरघर, पानं उलटण्याचे आवाज. कोपऱ्यातली केबिन. मागून कापलेले केस दिसले. राजकन्याचे केस, राजकन्याचा निळा कुर्ता, मानेवरचा तिचा तीळ. मी प्लायला धरून उभा राहिलो.

"राजे," म्हणालो. "ऊठ. चल इथून. उदगीरला जाऊ, आत्ताच्या आत्ता."

ती लिहीत होती. ओळ पूर्ण केली. पेन नीट टोपण लावून ठेवलं. राजकन्यानं जन्मात कधी पेनाला टोपण लावलं नव्हतं. मग वळली. तिचाच चेहरा. घाबरलेली नव्हती. ओढणी सावरून, पाहुण्याला विचारतात तसं अदबीनं विचारलं,

"तुमी कोन?"

खिशात मोबाइल वाजला. कसा काढला माहीत नाही. फोटोत सगळा अंधार, एका बाजूनं तिरपा उजेड, उजेडात धूळ. दगडी भिंतीला टेकून कुणीतरी उकिडवं बसलेलं, दोन्ही हात डोक्यावर धरून. कापलेले केस. हातांच्या फटीतून वर, सरळ कॅमेऱ्याकडं बघत होती.

मी पळत कॉम्प्युटरच्या खोलीत गेलो आणि सर्व्हर चालू केला. सगळं नीट सुरू झालं. एकही चूक नाही. पाठवायचं काही शिल्लक नाही, यायचं काही शिल्लक नाही. पप्पांचा मोबाइल मी टेबलावर ठेवला. तो परत वाजला नाही.

सर्व्हर मी बंद केला होता. ती त्या बिननावाच्या मुक्कामात, आत असताना.

७

डॉक्टर म्हणाले, अभ्यासाचा ताण आहे. लातुरात निम्म्या पोरांना असतो, काही दिवस माणसं ओळखत नाहीत, मग सगळं ठीक होतं. असेलही. मी रोज स्वतःला हेच सांगतो. तीळ तिचा आहे, आवाज तिचा आहे. मी कोण हे तिला आता कळलंय. मला ती "अहो" म्हणते.

सर खूश आहेत. कोपऱ्यातल्या केबिनमध्ये बसणारी पोरगी सकाळी सगळ्यांच्या आधी येते, मान वर करत नाही, हाडांची नावं एका दमात म्हणून दाखवते. "सुधारली की रे तुझी बहीण," म्हणतात. तिचा फोटो त्यांनी बाहेरच्या फलकावर लावलाय. अमान क्लाससमोरून जाताना रस्त्याची दुसरी बाजू धरतो.

दिवाळीला मी तिला घरी घेऊन गेलो. गाडीत ती खिडकीतून बघत होती. जुन्या गावाच्या फाट्यावर बाभळी दिसायला लागल्या तशी तिनं मान वळवून दुसरीकडं केली. दारात पप्पा उभे होते, दाढी करून, नवा सदरा घालून. ती त्यांच्या पाया पडली, "आबा" म्हणाली. आम्ही दोघांनी कधीच पप्पांना आबा म्हटलेलं नाही. पप्पांनी तिला चुकून म्हणालीस असं सांगितलं नाही. डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

आईनं करंज्या केल्या. पोरगी आईशी नीट बोलली, तुमी-आमी करत. ताट उचललं, घासून ठेवलं, तेही न सांगता. पप्पा बाहेर शेजाऱ्यांना सांगत होते की पोरगी डॉक्टर होणार, शंभर टक्के. शेजारी मान डोलावत होते. ज्यांना ठाऊक होतं ते जास्तच डोलावत होते.

दुपारी पोरगी पप्पांच्या खुर्चीपाशी पुस्तक घेऊन बसली तेव्हा आईनं मला मागच्या दारी बोलावलं. ती पायरीवर बसली होती, हातात काही काम नाही. आई अशी रिकामी बसलेली मी पहिल्यांदाच बघितली.

"गुणी हाय," आई म्हणाली. "एक शबूद उलट न्हाई. केस वाडवायचेत म्हनाली. मी तेल लावून दिलं."

मी तिच्या खालच्या पायरीवर बसलो.

"गोलू, ती पोरगी बी कुनाची तरी हाय. तिचा काय दोष न्हाई." तिनं पदर तोंडाशी धरला. "पर माझी कुठंय रे?"

आतून पान उलटल्याचा आवाज आला.

"तू म्हनलास ते काय बंद केलं हुतंस. ते चालू कर की."

"केलंय, आई. त्याच दिवशी केलं."

"मग?"